पायांचाही विचार करा : मोटारसायकलचे बूट घडवून घेताना



आपल्या रस्त्यांवर सकाळी कामाला निघालेली तरुण मुले पाहा. डोक्यावर हेल्मेट असते, पाठीवर पिशवी असते आणि पायांत मात्र रबरी सावात! सिग्नलपाशी थांबताना आधी पाय खाली येतो. ओल्या रस्त्यावर चाक घसरले की मोटारसायकल आडवी होते आणि तिचे सगळे वजन खालच्या पायावर पडते. तापलेल्या सायलेन्सरला आधी चिकटतो तोही पायच. जो घोटा मोडला तर माणूस महिना-दोन महिने कामाला जाऊ शकत नाही, त्या घोट्यावर आपण एक चिंधीसुद्धा बांधत नाही. याचे कारण विचारले तर बहुतेक मुले एकच सांगतात : “बुटांत फार उकडते, आणि पावसात ते भिजतात.”

मुलांचे हे म्हणणे खोटे नाही. मध्य पठारावर वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पश्चिम किनाऱ्यावर अवघा ९०० मिलिमीटरच्या आसपास. व्हाकुआहून पोर्ट लुईला जाणारा माणूस एकाच फेरीत थंड सरीतून निघून भाजणाऱ्या उन्हात पोहोचतो. नोव्हेंबर ते एप्रिल या महिन्यांत तर ऊन आणि पाऊस हातात हात घालून येतात. युरोपातले बूट थंडी-पावसासाठी बनवलेले असतात. तेच बूट इथे घातले तर पाय शिजतो. म्हणून ज्यांना जमेल त्यांनी आपल्या मापाचे आणि आपल्या हवेचे चामडी बूट घडवून घ्यावेत. मात्र घडवून घेताना काय मागायचे, हे आपल्यालाच ठाऊक असायला हवे.

सर्वांत मोठा गैरसमज ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाचा आहे. अशा बुटांच्या आत एक पातळ पडदा असतो. तो पाणी अडवतो आणि घामाची वाफ बाहेर सोडतो, असे म्हणतात. पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा कोरडी असावी लागते. जानेवारीच्या दमट दुपारी आपल्याकडे तसा फरक फारसा राहत नाही, आणि पाय घामानेच भिजतो. शिवाय जोराच्या सरीत पाणी बुटाच्या कातड्यातून येण्याआधी वरच्या तोंडातून, पँटवरून ओघळत आत शिरते. एकदा शिरले की तोच पडदा ते बाहेर जाऊ देत नाही. मग बूट दोन-दोन दिवस वाळत नाही. म्हणून आपल्या बेटासाठी कसोटी वेगळी धरावी. बूट कधीच भिजू नये, हा हट्ट सोडावा. संध्याकाळी भिजलेला बूट लवकर वाळला पाहिजे, आणि शंभरदा भिजूनही त्याचा आकार व शिवण टिकली पाहिजे. पाऊस अडवायचे काम बुटावरून खाली येणाऱ्या रेनकोटच्या पँटवर सोपवावे.

आता चामड्याविषयी. कातडे कमावण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एक झाडांच्या साली-फळांची, म्हणजे बाभळीची साल, हिरडा वगैरे. आपल्या पूर्वजांच्या मुलखातली कोल्हापुरी चप्पल याच रीतीच्या कातड्याची असते, आणि पावसाळ्यात ती पायांत घालत नाहीत हे आजीबाईंनाही ठाऊक असते. असे कातडे पुन्हा पुन्हा भिजले की वाळताना कडक होते. दुसरी रीत क्रोमच्या क्षारांची. हे कातडे भिजून वाळल्यावरही बरेचसे मऊ राहते आणि उष्णताही अधिक सोसते. बुटाच्या वरच्या भागासाठी हेच मागावे. जाडी सुमारे दोन मिलिमीटर किंवा थोडी जास्त असावी. कातड्याचा मूळ वरचा थर शाबूत आहे ना, हे नीट पाहावे. खालच्या थरावर प्लास्टिकचा चकचकीत मुलामा देऊन तोही ‘अस्सल चामडे’ म्हणून विकला जातो. असा मुलामा घडीवर तडकतो आणि पोपडे निघतात. काही घरांत गाईचे कातडे चालत नाही. त्यांनी संकोच न करता म्हशीचे मागावे. ते दिसायला राठ असते, पण जाड आणि दणकट असते.

अस्तर शक्यतो पातळ चामड्याचेच घ्यावे. जाड फोमचे अस्तर मऊ लागते, पण स्पंजासारखे पाणी धरून ठेवते. फोम फक्त घोट्यांच्या दोन्ही बाजूंना, हाडाच्या रक्षणापुरता असावा.

बुटाचे आयुष्य त्याच्या तळात असते. पॉलियुरेथेनचा तळ हलका आणि आरामशीर असतो, परंतु उष्ण, दमट हवेत काही वर्षांनी तो आपोआप भुसभुशीत होतो. कपाटात जपून ठेवलेल्या बुटाचा तळ पहिल्याच दिवशी तुकडे होऊन पडतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. आपण रबराचा तळ मागावा. त्यावर खोल नक्षी असावी, म्हणजे ओल्या डांबरावर आणि उसाच्या शेताजवळच्या चिखलात पाय घसरत नाही. तळ नुसता डिंकाने चिकटवलेला नको, शिवलेला हवा. शिवलेला तळ झिजल्यावर उसवून नवा बसवता येतो. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा घ्यावा, कारण सुती दोरा घामाने आणि ओलीने कुजतो. नाडीच्या भोकांच्या कड्या पितळेच्या किंवा न गंजणाऱ्या पोलादाच्या असाव्यात.

आकार ठरवताना बूट घोट्याच्या चांगला वर, नडगीच्या खालच्या भागापर्यंत घ्यावा. गुडघ्यापर्यंतचा बूट आपल्या उन्हात कोणी रोज घालणार नाही, आणि घरी ठेवलेला बूट पायाचे रक्षण करत नाही. बुटाची जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली हवी, म्हणजे नाडीच्या फटीतून पाणी शिरत नाही. नाडी गिअरच्या दांड्यात अडकू नये म्हणून तिच्यावर चामड्याची पट्टी बसवून घ्यावी. चेनमध्ये वाळू आणि किनाऱ्यावरचा खार जाऊन ती अडकते, म्हणून नाडी किंवा बक्कल बरे. गिअर बदलताना डाव्या बुटाचा वरचा भाग घासला जातो, तिथे जास्तीचे कातडे शिवून घ्यावे.

माप दुपारनंतर द्यावे, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. उभे राहून, अंगावर वजन घेऊन, दोन्ही पायांचे माप द्यावे. दोन पाय क्वचितच सारखे असतात. रोज जे मोजे घालता तेच घालून जावे. लांबी-रुंदीशिवाय बोटांच्या मुळाशी, पायाच्या उंचवट्यावर, घोट्यावर आणि बूट जिथे संपणार तिथे घेर मोजायला सांगावे. आपले जुने कोर्दोन्ये आता थोडेच उरले आहेत. त्यामुळे काही जण मुंबईला जाणाऱ्या नातेवाइकांबरोबर माप पाठवून धारावीसारख्या ठिकाणी बूट शिवून आणतात. अशा वेळी जाड कागदावर दोन्ही पावलांची आखणी करून, पेन्सिल सरळ उभी धरून, ती सोबत द्यावी. कारागीर ज्या लाकडी साच्यावर बूट चढवतो त्याला कालबूत म्हणतात. माप चुकले तर ते कालबूतच चुकते, आणि पुढची सारी मेहनत वाया जाते.

आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आपल्या बेटावर सुमारे पाच प्रौढांमागे एकाला मधुमेह आहे. या रोगात पायाची संवेदना कमी होते. बूट चावतो, फोड येतो, आणि माणसाला कळतही नाही. त्यात पाय तासन्‌तास ओला राहिला तर जखम चिघळते. घरात कोणाला साखरेचा त्रास असेल तर बोटांपाशी ऐसपैस जागा, आतून एकही टोचणारी शिवण नाही, आणि रोज रात्री पायांची पाहणी, हे तीन नियम पाळावेत. बूट सांगण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्लाही घ्यावा.

भिजलेला बूट उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. कातडे आकसते आणि तडकते. आतला सुटा तळवा काढून, जुनी वर्तमानपत्रे कोंबून, सावलीत वारा लागेल तिथे ठेवावा आणि तासाभराने कागद बदलावेत. समुद्राकाठच्या रस्त्याने आलात तर आधी गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसावा. पूर्ण वाळल्यावर थोडे मेण किंवा चामड्याचे मलम लावावे. फार तेल लावू नये, त्याने कातडे सैल पडते. पठारावरच्या घरांत बंद कपाटात बुरशी लवकर धरते, म्हणून बूट उघड्या फळीवर ठेवावेत. मोजे लोकरमिश्रित किंवा कृत्रिम धाग्याचे असावेत. सुती मोजा ओल सोडत नाही.

खर्चाचा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा तसा करू. समजा, साधा जोड २,००० रुपयांना मिळतो आणि वर्षात फाटतो. सहा वर्षांत १२,००० रुपये गेले. घडवलेला जोड ८,००० रुपयांना पडला आणि दोन वेळा प्रत्येकी १,००० रुपये देऊन तळ बदलला, तर सहा वर्षांत १०,००० रुपये होतात. आकडे दुकानागणिक बदलतील, पण तळ बदलता येत नसेल तर हा हिशेब कोलमडतो, हे ध्यानात ठेवावे.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. युरोपात मोटारसायकलच्या बुटांसाठी ईएन १३६३४ हे मानक आहे. त्यात बुटाची उंची, घासणे, कापले जाणे आणि आडव्या बाजूने चिरडले जाणे यांची परीक्षा होते, आणि उत्तीर्ण बुटावर प्रत्येकासाठी १ किंवा २ असा अंक छापलेला असतो. स्थानिक कारागिराचा बूट कितीही सुबक असला तरी या परीक्षेतून सहसा गेलेला नसतो. ज्याला रोज हमरस्त्यावर वेगाने जायचे आहे, त्याने हे अंक असलेला, पडदा नसलेला तयार बूट पाहावा. गावातल्या फेऱ्यांसाठी बूट घडवून घेणाऱ्यानेही पावलाच्या मधोमध आडवा न दबणारा कडक तळवा आवर्जून मागावा.

तेव्हा पैसे देण्यापूर्वी कारागिराला पाच प्रश्न विचारा : कातडे कोणत्या रीतीने कमावलेले आहे? तळ शिवलेला आहे का? तो बदलून द्याल का? दोरा कसला आहे? तळवा आडवा किती कडक आहे? जो न रागावता उत्तर देतो आणि कातड्याचा तुकडा हातात देतो, त्याच्याकडेच माप द्या. आणि मुलाला मोटारसायकल घेऊन देण्याचे घरात ठरेल, तेव्हा हेल्मेटबरोबर बुटांचेही पैसे त्याच दिवशी बाजूला काढून ठेवा. नंतर घेऊ म्हटले की ते राहूनच जाते.