ख्रिस्ती विवाह आणि घरातील मारहाण

ख्रिस्ती कुटुंबात पतीने पत्नीवर हात टाकला, तर तिला पुष्कळदा एकच उपदेश ऐकावयास मिळतो : विवाहबंधन ईश्वराने जोडलेले आहे, तेव्हा सोसावे, आपला क्रूस वाहावा. उपदेश करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. परंतु तो उपदेश शास्त्रास धरून आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

त्यास आधार म्हणून इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय पुढे करतात. पत्नीने पतीच्या अधीन असावे असे पौल तेथे सांगतो, हे खरे. पण त्याच्या आधीच्याच वचनात परस्परांच्या अधीन होण्याची आज्ञा आहे, आणि पुढे पतीने पत्नीवर स्वतःच्या देहासारखी प्रीती करावी असे म्हटले आहे. स्वतःच्या देहास कोणी लाथ मारीत नाही. कलस्सैकरांस पत्रात तर पत्नीशी कठोरपणे वागू नये, अशी पतींना स्पष्ट ताकीद आहे.

चर्चचे नियमही हाच अर्थ घेतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशातील चांदा धर्मप्रांत सिरो-मलबार परंपरेचा असल्याने तेथे पौर्वात्य चर्चांची १९९० ची धर्मसंहिता लागू आहे. तिच्या ८६४ व्या नियमाप्रमाणे, एका जोडीदाराने सहजीवन दुसऱ्यास किंवा मुलांस धोक्याचे अथवा फार कठीण केले, तर दुसऱ्यास वेगळे होण्यास न्याय्य कारण मिळते. एरवी त्यासाठी धर्माधिकाऱ्यांचा निर्णय घ्यावा लागतो. विलंबात धोका असल्यास मात्र आपल्या अधिकारानेही निघून जाता येते. लॅटिन चर्चच्या १९८३ च्या संहितेतील ११५३ वा नियमही असाच आहे. अशा वेगळे होण्याने विवाहबंधन तुटत नाही, आणि कारण नाहीसे झाल्यावर सहजीवन पुन्हा सुरू व्हावे अशी अपेक्षा असते. परंतु कारण खरोखरच नाहीसे व्हावयास हवे; नुसत्या क्षमायाचनेने ते होत नाही.

राज्याचा कायदा या बाबतीत दीर्घकाळ मागे होता. १८६९ च्या घटस्फोट कायद्यान्वये पतीस पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरे होई. पत्नीस मात्र केवळ क्रूरतेवरून न्यायालयीन विभक्तता तेवढी मिळे, घटस्फोट मिळत नसे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा अन्याय दूर केला, व २००१ च्या दुरुस्तीने क्रूरता हे उभयतांसाठी घटस्फोटाचे स्वतंत्र कारण ठरले.

ज्या स्त्रीस घटस्फोट नको, परंतु मार थांबावयास हवा, तिच्यासाठी सर्वधर्मीयांस लागू असलेला २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. ऊर्जानगर ही चंद्रपूरच्या औष्णिक विद्युत केंद्राची वसाहत. अशा ठिकाणी घर बहुधा पतीच्या नोकरीमुळे मिळालेले असते, आणि म्हणून पत्नीस आपण निराधार आहोत असे वाटते. पण सामायिक घरावर मालकी नसली, तरी तेथे राहण्याचा तिचा हक्क हा कायदा मानतो. संरक्षण अधिकाऱ्याच्या साहाय्याने दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत ठेवावयाची असते. संरक्षण, निवास व निर्वाह यांविषयी आदेश मिळू शकतात.

अशी स्त्री धर्मगुरूकडे किंवा शेजारच्या घरी आली, तर आज रात्री तिला व तिच्या मुलांना सुरक्षित निवारा आहे काय, हे प्रथम विचारावे. क्षमेचा विचार त्यानंतरचा होय.