प्रभार अडकतो कुठं?

मंडळी, मे महिन्यात इथं भुसावळला प्लास्टिकच्या चटईवरून उठताना हातावरची लव उभी राहते, हे तुम्ही अनुभवलं असेलच. चटईला बहुधा पॉलिप्रोपिलीन वापरतात. एन-९५ मास्कच्या आतला गाळणीचा थरही त्याचाच. २०२० साली मी असा मास्क साबणाच्या पाण्यात धुतला, वाळवला आणि पुन्हा लावला. मला वाटलं, स्वच्छ झाला. खरं तर निकामी झाला होता.

धातूत इलेक्ट्रॉन मोकळे हिंडतात. प्रभार दिला की तो पृष्ठभागावर पसरतो, जमिनीला तार जोडली की निघून जातो. पॉलिमरमध्ये अशी वाट नाही. तिथं रेणूंच्या लांबलचक साखळ्या असतात; कुठं नीट रचलेल्या, कुठं नुसता गुंता. रचना आणि गुंता जिथं भेटतात तिथं प्रभार अडकतो. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात ना, त्यात ज्वारीचे दाणे टाकून बघा. उथळ भेगेतला दाणा थोड्या धक्क्यानं बाहेर येईल, खोल भेगेतला नाही. इथं 'खोल' म्हणजे फिल्मच्या जाडीत आत असं नव्हे. सुटायला ऊर्जा जास्त लागते, एवढंच. हा धक्का उष्णता देते. म्हणून फिल्म हळूहळू तापवतात आणि निघणारा सूक्ष्म प्रवाह मोजतात. तो कोणत्या तापमानाला वाढतो, त्यावरून सापळ्याची खोली कळते.

१९१९च्या सुमारास जपानच्या मोतोतारो एगुची यांनी मेण आणि राळ वितळवून विद्युतक्षेत्रात गार होऊ दिलं. त्या वडीचा प्रभार वर्षानुवर्षं टिकला. अशा पदार्थाला इलेक्ट्रेट म्हणतात. चुंबकाचा विजेतला चुलतभाऊच म्हणा. १९६२मध्ये बेल लॅबमध्ये सेसलर आणि वेस्ट यांनी पातळ पॉलिमर फिल्मचा इलेक्ट्रेट माइक केला. माझ्या कॉलरला लावलेल्या या माइकच्या जातीचा तो मूळपुरुष.

आता मास्क. त्याच्या तंतूंवर धन आणि ऋण प्रभार शेजारी शेजारी असतात. बेरीज केली तर जवळपास शून्य! तत्त्वज्ञानाचा मास्तर म्हणून मला इथं थांबावंसं वाटतं. बेरीज शून्य आली म्हणून तिथं काही नाही, असं होत नाही. प्रत्येक तंतूजवळ तीव्र विद्युतक्षेत्र असतं. ते प्रभार नसलेल्या कणालाही ध्रुवित करून ओढतं. त्यामुळे तंतूंची वीण विरळ ठेवता येते आणि श्वास घेणं जड जात नाही.

साबण किंवा अल्कोहोल तंतूंना ओलं करतं आणि हा प्रभार मारून टाकतं. वीण तशीच राहते, रंगही तसाच. पण बारीक कण आरपार जाऊ लागतात. पाहून काहीच कळत नाही. मी तो मास्क लावून महिनाभर बाजारात हिंडत होतो.