हॅमिल्टनच्या बागेतील एक दिवस

रोम, लंडन ह्या राजधान्या पाहून आलेले आपले समाजबंधू तेथील कमानी, किल्ले व राजवाडे यांची वर्णने मोठ्या हौसेने सांगतात. न्यूझीलंडमध्ये आप्तांकडे जाणाऱ्या मंडळींना मात्र एक निराळाच लाभ घडू शकतो. ऑकलंडच्या दक्षिणेस सुमारे १२५ किलोमीटरवर, वायकाटो नदीच्या दोन्ही तीरांवर हॅमिल्टन शहर वसले आहे. तेथील हॅमिल्टन गार्डन्स या उद्यानात एका दिवसात अनेक देशांचे आणि युगांचे दर्शन घडते.

उद्यानाचा विस्तार ५४ हेक्टर आहे. ज्या जागेवर एके काळी शहराचा कचरा टाकला जात असे, तेथेच ही फुले फुलली आहेत. निरनिराळ्या संस्कृतींनी बाग कशी कल्पिली, हे दाखविणारी बंदिस्त दालने येथे क्रमाक्रमाने रचली गेली. सन २०१४ मध्ये या उद्यानास आंतरराष्ट्रीय उद्यान-पर्यटनाचा वर्षातील सर्वोत्तम उद्यानाचा बहुमान मिळाला.

इटालियन बागेत रोम्युलस व रेमस या जुळ्यांना दूध पाजणारी लांडगीण दिसते. ती रोम नगरीचे चिन्ह होय. सामान्य प्रवासी तिचे कौतुक करून पुढे जातो. आपल्याला मात्र तिच्यापाशी क्षणभर थबकावे लागते. सन ७० मध्ये याच रोमच्या सैन्याने यरुशलेमचे पवित्र मंदिर जाळले. मंदिरातील मेनोरा लुटून नेतानाचे दृश्य रोममधील टायटसच्या कमानीवर आजही कोरलेले आहे. त्या कमानीखालून जावयाचे नाही, असा तेथील यहुद्यांचा परंपरेने चालत आलेला निर्बंध होता. बिरड्याच्या सणाचा आपला उपास ज्या दुःखाची आठवण करून देतो, ते दुःख हेच.

ट्यूडर बागेत खांबांवर राजचिन्हांचे रंगीत पशू बसविले आहेत. दृश्य मनोहर आहे खरे. पण १२९० साली इंग्लंडने यहुद्यांना देशाबाहेर घालविले होते व १६५६ पर्यंत त्यांना उघडपणे तेथे राहता येत नव्हते. म्हणजे ट्यूडर राजांच्या बागांत आपले पाऊल पडणे शक्यच नव्हते. पुढे प्राचीन मिसरची बाग लागते. दरवर्षी पेसाहच्या रात्री ज्या देशातून सुटका झाल्याची कथा आपण मुलांना सांगतो, त्याचे रंगीत खांब व जलाशय पाहून मुले हमखास प्रश्न विचारतील. त्यांना उत्तर देण्यास याहून चांगले स्थळ कोणते? येथे पेसाह वसंतात न येता शरद ऋतूत येतो, हेही त्यांना सांगावे.

भारतीय चारबागेत गेल्यावर मन घरी परतते. पाण्याच्या पाटांनी चार भाग केलेली, नदीकडे तोंड करून असलेली ही मोगल धर्तीची बाग आहे. बाबराने ही पद्धत हिंदुस्थानात आणली. एदेन बागेतून निघालेल्या नदीचे चार फाटे झाले, त्यांची नावे पीशोन, गीहोन, हिद्देकेल व फरात, हे बेरेशीथमध्ये आपण वाचतो. फळबागेस हिब्रू भाषेत ‘परदेस’ म्हणतात. तो शब्दही मूळचा इराणीच. आपले इस्राएलपण आणि आपले भारतीयपण येथे एकाच पाटाच्या काठी भेटतात.

परंतु सर्वांत अधिक वेळ द्यावा तो ते पारापारा या माओरी बागेस. कुमारा म्हणजे रताळे, हे येथले मुख्य पीक. थंड मातीला ऊब यावी व पाणी निचरावे म्हणून वायकाटोचे माओरी शेतकरी तीत वाळू व खडी मिसळीत. शहराचे मूळ नाव किरिकिरीरोआ, अर्थात खडीचा लांब पट्टा. १८६३–६४ च्या युद्धानंतर सरकारने वायकाटोतील सुमारे १२ लक्ष एकर जमीन जप्त केली आणि गावाला कॅप्टन हॅमिल्टन या आरमारी अधिकाऱ्याचे नाव मिळाले. हा अधिकारी २९ एप्रिल १८६४ रोजी टौरांगाजवळच्या गेट पा येथील लढाईत पडला होता. १९९५ साली सरकारने वायकाटो-टाइनुई लोकांची क्षमा मागून तडजोड केली, आणि जून २०२० मध्ये कॅप्टनचा पुतळा शहराच्या चौकातून हलविण्यात आला.

नावाचे मोल आपल्या समाजास कोणी शिकवावयास नको. नवगाव, रोहे, पेण, किहीम ही कोकणची गावे आपण कधीच सोडली. तरी नवगावकर, रोहेकर, पेणकर, केहीमकर या आडनावांतून ती आपल्याबरोबर समुद्रापार आली. ज्या लोकांचे गाव तेथेच राहिले पण नावच काढून घेतले गेले, त्यांचे दुःख आपण ओळखू शकतो.

बाहेरगावच्या प्रौढांना बंदिस्त बागांसाठी तिकीट पडते. शब्बाथ टाळून रविवारी सकाळीच निघावे, फराळाचा डबा सोबत घ्यावा व नदीकाठी बसून तो खावा. मुलांना मात्र केवळ फुले दाखवून आणू नये. प्रत्येक दाराशी थांबून आपल्या पूर्वजांची हकीकत त्यांना सांगावी.