प्रभागांच्या नकाशापासून जीएसटीच्या फायलीपर्यंत : मजकुराला प्रश्न विचारणारे ‘जेक्यू’

बेंगळुरू : आपले घर नेमके कोणत्या प्रभागात येते, या साध्या प्रश्नाचे उत्तर देताना बेंगळुरूचा जुना रहिवासीही हल्ली अडखळतो. बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेत १९८ प्रभाग होते. निर्वाचित सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतर २०२२ मध्ये प्रभागांची संख्या २४३ करण्यात आली, तर २०२३ मध्ये ती २२५ वर आणली गेली. या दोन्ही रचनांनुसार निवडणूक झालीच नाही. २०२५ मध्ये ती महापालिकाच इतिहासजमा झाली, ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरणाखाली पाच महापालिका अस्तित्वात आल्या आणि प्रभागांचा आकडा साडेतीनशेच्या पुढे गेला.

जुनी रचना नव्या रचनेशी ताडून पाहायची, तर प्रभागांच्या सीमांची माहिती हाती हवी. पडद्यावर रंगीत दिसणारा असा नकाशा बहुधा ‘जिओजेसन’ नावाच्या स्वरूपात साठवलेला असतो आणि मुळात तो निव्वळ मजकूर असतो. बेंगळुरूत २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘डेटामीट’ या खुल्या माहितीसाठी काम करणाऱ्या समुदायाने अनेक भारतीय शहरांच्या प्रभागसीमा अशा फायलींच्या रूपात सर्वांसाठी उपलब्ध करून दिल्या आहेत. मात्र ती फाइल साध्या संपादकात उघडली, की प्रभागाच्या एका नावामागे अक्षांश-रेखांशांचे शेकडो आकडे रांगेने उभे राहतात आणि वाचणारा ती मुकाट्याने बंद करतो.

अशा मजकुरातून हवे तेवढेच काढून देणारी जी साधने जगभर वापरली जातात, त्यांत ‘जेक्यू’चे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. स्टीफन डोलन यांनी ते २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. ते मोफत आहे, त्याची संहिता खुली आहे आणि त्याला खिडक्या, बटणे, चित्रे यांपैकी काहीही नाही. कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टंकित करून संगणक चालवण्याच्या त्या काळ्या चौकटीत, एक ओळ लिहायची आणि उत्तर घ्यायचे, एवढाच त्याचा व्यवहार.

मजकूर चाळणारी साधने त्यापूर्वीही होती. १९७७ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत तयार झालेले ‘ऑक’ आजही वापरात आहे. परंतु ही जुनी साधने ओळी आणि रकाने यांच्या हिशेबाने चालतात. ‘जेसन’ स्वरूपातील मजकूर डब्यात डबा ठेवावा तसा रचलेला असतो. महिरपी कंसात नाव आणि त्याचे मूल्य अशा जोड्या, चौकटी कंसात यादी, यादीतील प्रत्येक नोंदीत पुन्हा महिरपी कंस. ओळ कुठे तुटते याला तेथे काहीच अर्थ नसतो. अख्खी फाइल एकाच ओळीत लिहिली, तरी ती तितकीच शुद्ध ठरते.

जेक्यूची भाषा या रचनेला धरून चालते. नुसते टिंब म्हणजे समोर आलेला संपूर्ण दस्तऐवज. टिंबापुढे खान्याचे नाव लिहिले की त्या खान्यातील मजकूर मिळतो. रिकामा चौकटी कंस जोडला की यादीतील नोंदी एकेक करून बाहेर येतात. उभी रेघ ओढली की डावीकडचे उत्तर उजवीकडच्या आज्ञेच्या हाती जाते. ही रेघ १९७३ मध्ये युनिक्स प्रणालीत आलेल्या ‘पाइप’च्या कल्पनेचा वारसा सांगते. नकाशाच्या फायलीत लोकसंख्येचा खाना असेल, तर ‘सर्व नोंदी काढ, त्यांतील चाळीस हजारांहून अधिक लोकसंख्येच्या ठेव आणि त्यांची केवळ नावे दे’ ही सूचना एका ओळीत मावते.

प्रश्न विचारण्याइतकेच रूपांतराचेही काम महत्त्वाचे आहे. जिओजेसनच्या नियमानुसार बिंदू लिहिताना रेखांश आधी आणि अक्षांश नंतर येतो. आपल्या बोलण्यात मात्र ‘अक्षांश-रेखांश’ असाच क्रम असल्याने ही अदलाबदल नित्याची. बेंगळुरू सुमारे १२.९७ अंश उत्तर अक्षांश आणि ७७.५९ अंश पूर्व रेखांशावर आहे. हे आकडे उलटे पडले, तर शहर थेट आर्क्टिक प्रदेशात, नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहाजवळच्या समुद्रात जाऊन पडते. हजारो बिंदूंच्या जोड्या हाताने उलटवणे कोणाच्याही आवाक्यातले नाही. जेक्यूला ते काही क्षणांचे काम.

नकाशे हा मोजक्यांच्या आवडीचा विषय झाला. जीएसटी भरणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र जेसन टाळता येत नाही. जीएसटीची संगणक प्रणाली उभारण्याचे काम २०१५ मध्ये बेंगळुरूत मुख्यालय असलेल्या इन्फोसिसकडे सोपवण्यात आले होते. जीएसटीआर-१ या विवरणपत्राच्या ऑफलाइन साधनातून जी फाइल तयार होते ती जेसनच असते. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल पाच कोटी रुपयांहून अधिक असलेल्या व्यवसायांना लागू झालेले ई-बीजकही याच स्वरूपात नोंदणीसाठी पाठवले जाते. विवरणपत्राच्या फायलीत आधी खरेदीदार, खरेदीदाराखाली त्याची बिले आणि बिलाखाली कराच्या दरानुसार रकमा अशी उतरंड असते. एकच बिल दोनदा लागले आहे का, अमुक ग्राहकाची एकूण रक्कम किती, हे पाहण्यासाठी अनेक जण ती फाइल इंटरनेटवरच्या एखाद्या अनोळखी ‘रूपांतरका’त चढवतात. आपले सगळे ग्राहक, त्यांचे जीएसटी क्रमांक आणि विक्रीच्या रकमा आपण कोणाच्या हवाली केल्या, याचा विचार तेव्हा क्वचितच होतो. जेक्यू संगणकावरच चालते आणि त्याला इंटरनेट लागत नाही. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते सामान्य माणसाने या काळ्या चौकटीची भीती घालवण्यासाठी एवढे एक कारण पुरेसे आहे.

मात्र या साधनावर डोळे झाकून विसंबता येत नाही. बँक खात्यांचे क्रमांक हे याचे उत्तम उदाहरण. २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ या सोळा अंकी संख्येपलीकडील पूर्णांक जेक्यूच्या जुन्या आवृत्त्यांत तंतोतंत राहत नाहीत. १२३४५६७८९०१२३४५६७८ असा अठरा अंकी क्रमांक आत गेला, तर बाहेर येताना त्याच्या शेवटच्या ७८ चे ८० झालेले असतात आणि इशारा कसलाही मिळत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १.७ या आवृत्तीपासून न बदललेली संख्या मूळ रूपात जपली जाते. तिच्यावर गणित केले, तर घोळ पुन्हा होऊ शकतो. खाते क्रमांक अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून लिहिणे हाच खात्रीचा उपाय. आधार क्रमांक बारा अंकी असल्याने तो या मर्यादेत बसतो.

मराठी मजकुराच्या अडचणी वेगळ्या आहेत. ‘बेंगळुरू’ हा शब्द आपण चार अक्षरांचा मानतो. जेक्यूला त्याची लांबी विचारली तर उत्तर आठ येते, कारण काना-मात्रा, उकार, अनुस्वार यांची युनिकोडमध्ये स्वतंत्र गणना होते. बाइटमध्ये मोजले तर चोवीस. नावांची यादी क्रमाने लावायला सांगितली, की ‘ळ’ हे अक्षर ‘ह’नंतर न येता ‘ल’च्या पाठोपाठ येते. जेक्यू युनिकोडच्या क्रमांकांनुसार लावते, मराठी वर्णमालेनुसार नव्हे. मराठी शब्दकोशाचा क्रम हवा असणाऱ्याला त्याची तजवीज स्वतः करावी लागते.

त्याहून फसवा प्रकार ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातील अर्ध्या ‘र’चा. तो दोन पद्धतींनी टंकित होतो. एका पद्धतीत ‘ऱ’ हे वेगळे अक्षर असते, दुसऱ्या पद्धतीत साध्या ‘र’च्या हलन्तापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, जेक्यूला मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात. एका पद्धतीने टंकित केलेल्या यादीत दुसऱ्या पद्धतीने शोध घेतला, तर एकही नाव सापडत नाही आणि ती नोंदच नाही असा समज होतो. शोधापूर्वी सर्वत्र एकच रूप बदलून घेण्याची आज्ञा देणे आवश्यक ठरते. गावांच्या नावांचेही तसेच. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकातील बारा शहरांची इंग्रजी नावे बदलली, त्यांत बेंगळुरू आणि बेळगाव ही दोन्ही होती. त्याआधीची आणि नंतरची नोंद जुळवायची, तर नावांची जोडयादी हाताशी ठेवावी लागते.

‘एक्सएमएल’ हे १९९८ मध्ये प्रमाणित झालेले जुने स्वरूप जेक्यू वाचत नाही. त्यासाठी ‘एक्सएमएलस्टारलेट’सारखी साधने आहेत. ज्याचे तंत्रज्ञान केंद्र बेंगळुरूतच आहे, त्या विशिष्ट ओळख प्राधिकरणाने ऑफलाइन ई-केवायसीसाठी आणलेली आधारची फाइल एक्सएमएलमध्ये असते. तिच्यातून नाव किंवा जन्मतारीख वाचून घेता येते. तीत फेरफार केला, तर डिजिटल स्वाक्षरी पडताळणीत टिकत नाही. स्कॅन करून ठेवलेल्या पीडीएफपुढे मात्र ही सारीच साधने निरुपयोगी ठरतात. युनिकोडपूर्व ‘नुडी’ किंवा ‘श्रीलिपी’च्या टंकांत अडकलेला मजकूरही आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय उपयोगाचा नाही.

नव्याने वापरणाऱ्याने एक धोका आधीच जाणून घ्यावा. जेक्यू मूळ फायलीला हात लावत नाही, उत्तर पडद्यावर देते. ते उत्तर दुसऱ्या फायलीत वळवता येते. पण वळवताना मूळ फायलीचेच नाव दिले, तर जेक्यूने वाचायला सुरुवात करण्याआधीच संगणक ती फाइल रिकामी करून ठेवतो. उत्तर नेहमी नव्या नावाने साठवावे आणि तपासून झाल्यावरच जुन्या फायलीच्या जागी ठेवावे.