वार्धक्यातील शेरलॉक होम्स

आर्थर कॉनन डॉयल यांनी १८८७ साली वाचकांपुढे आणलेल्या शेरलॉक होम्सने पडद्यावर आजवर नाना रूपे धारण केली. परंतु मिच कलिन यांच्या कादंबरीवरून बिल कॉन्डन यांनी २०१५ साली दिग्दर्शित केलेल्या ‘मिस्टर होम्स’ने त्या अजिंक्य बुद्धीला जरेच्या स्वाधीन करून जी करुणा उत्पन्न केली, ती अपूर्व होय.

१९४७ सालचा, ९३ वर्षांचा हा होम्स ससेक्समध्ये मधमाश्या पाळतो, आणि ज्याच्या नजरेतून कधी काळी बारीकसा पुरावाही निसटत नसे, त्याच्यावर माणसांची नावे शर्टाच्या कफावर टिपून ठेवण्याची पाळी येते. ज्या प्रकरणानंतर त्याने तपासाचे काम सोडले, त्याची मित्र वॉटसनने रंगवलेली नव्हे तर खरी हकीकत लिहिण्याचा त्याला ध्यास लागला आहे. पण स्मृतीच्या दप्तरातून नेमके तेच कागद गहाळ झालेले.

घरकाम पाहणाऱ्या बाईंचा मुलगा रॉजर दंशांनी बेशुद्ध पडतो आणि शोकाकुल माता मधमाश्यांच्या पेट्या जाळायला निघते, तेव्हा जखमांत नांगी उरलेली नाही एवढ्यावरून हा घाला गांधीलमाश्यांचा आहे, हे होम्स ओळखतो. होम्सची भूमिका करणाऱ्या इयन मॅकेलन यांनी त्या क्षणी बुद्धी आणि व्याकुळता एकाच चेहऱ्यावर दाखवली आहे.

त्या जुन्या प्रकरणात त्याचे अनुमान अचूक ठरले, परंतु एका एकाकी स्त्रीला सोबतीची गरज होती हे त्याला उमगूनही तो मागे सरला. सत्य शोधणाऱ्याने सहृदयही असले पाहिजे, हा या चित्रपटाचा निर्वाळा मला सर्वस्वी मान्य आहे.