खपली, तांबेरा आणि नालेच्या आकाराचे प्रथिन

आमच्या शिरूर-दौंड पट्ट्यात ऊस आणि कांद्याचा बोलबाला असला, तरी पुरणपोळीला आणि खिरीला खपली गहूच हवा असा आग्रह धरणारी घरे मी आजही पाहतो. खपलीचे टरफल दाण्याला घट्ट धरून असते. कांडल्याशिवाय सुटत नाही. हा कुटाणा आणि कमी उतारा यांमुळे ती मागे पडली. तिच्या पेशीतला एक गुण मात्र शास्त्रज्ञांनी फार पूर्वीच हेरला होता.

१९२२ साली अमेरिकेत स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी गव्हाचे बारा वाण निवडले. त्यांतल्या एकाचे नाव ‘खपली’. पुढे ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी खपलीचा संकर करून ‘खपस्टाइन’ वाण काढला. खपलीकडून त्यात उतरलेले एक जनुक म्हणजे ‘एसआर १३’. २०१७ मध्ये या जनुकाची नेमकी ओळख पटली. ते जे प्रथिन घडवते, त्याच्या एका भागात ल्युसीन या अमिनो आम्लाची लयबद्ध पुनरावृत्ती असते.

ही लय अशी : वीस ते तीस अमिनो आम्लांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि प्रत्येक तुकड्यात ल्युसीन ठरावीक जागी बसते. ल्युसीनला पाणी नकोसे, म्हणून ते आत वळते. साखळीचे वेटोळे होऊन तिला घोड्याच्या नालेसारखा बाक येतो. सांगाडा तोच राहतो, पण पृष्ठभागावरची अमिनो आम्ले बदलता येतात. त्यामुळे एकाच घडणीतून नाना शत्रूंना ओळखणारे पहारेकरी तयार होतात.

तांबेऱ्याची बुरशी आपली प्रथिने गव्हाच्या पेशीत घुसवते. ‘एसआर ३५’ या दुसऱ्या जनुकाचे प्रथिन बुरशीचा असा रेणू नालेच्या भागाने थेट पकडते. मग अशी पाच प्रथिने एकत्र येऊन कडे करतात आणि त्यातून कॅल्शियमला वाट मिळते, हे २०२२ मध्ये दिसले. शेवटी ती पेशी स्वतःच मरते. जिवंत पेशीवरच जगणारी बुरशी मग उपाशी पडते.

माणसातही हीच घडण आहे. आपल्या पेशींवरचे ‘टोल’ ग्राहक नालेच्या आकाराच्या भागाने जंतूंच्या खुणा ओळखतात. या शोधांबद्दल हॉफमन आणि ब्यूटलर यांना २०११ च्या नोबेलचा वाटा मिळाला. हाच पहारा बिघडला तर रोग होतो : ‘नॉड २’ प्रथिनाच्या ल्युसीनयुक्त भागातले काही बदल क्रोन या आतड्याच्या आजाराचा धोका वाढवतात, हे २००१ मध्ये कळले.

बुरशीही स्वस्थ बसत नाही. आपले प्रथिन जरा बदलले की ती पहारेकऱ्याला चुकवते. १९९० च्या दशकाअखेरीस युगांडात आढळलेल्या ‘युजी ९९’ तांबेऱ्याने जगभर वापरातले ‘एसआर ३१’ जनुक निष्प्रभ केले. ‘एसआर १३’ त्याच्यापुढे टिकले. पण त्यालाही न जुमानणारे तांबेऱ्याचे प्रकार इथिओपियात सापडले आहेत.

म्हणून एकाच जनुकावर सगळ्या शिवाराची भिस्त ठेवणे मला धोक्याचे वाटते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खपलीचा ‘एमएसीएस २९७१’ हा बुटका वाण दिला, तो यासाठीही मोलाचा. बियाणे पेढीतले बी जपले जाते. पण बदलत्या बुरशीशी पिकाचा सामना शेतातच होतो. एखाद्या वाफ्यात खपली पेरणारा शेतकरी सणाच्या पोळीसोबत उद्याचे पहारेकरीही राखत असतो.