अक्षर आधी हाताला

कैरोच्या जुन्या भागात, फुस्तातमध्ये, बेन एझरा नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनागृह, आहे. देवाचं नाव लिहिलेला कागद फेकायचा नाही, या रिवाजामुळे तिथल्या एका बंद खोलीत शतकानुशतकं कागद साठत राहिले. १८९६-९७च्या हिवाळ्यात केंब्रिजचे अभ्यासक सॉलोमन शेक्टर तिथे पोचले आणि जवळपास दोन लाख तुकडे घेऊन परतले. त्यांत धर्मग्रंथ होते, करारनामे होते, व्यापाऱ्यांची पत्रं होती. आणि लहान मुलांच्या मुळाक्षरांची पानंही होती. त्यांतल्या काही पानांवर शिक्षकाने हिब्रू अक्षरांच्या ठसठशीत बाह्यरेषा काढून दिल्या आहेत आणि मुलाने आत रंग भरला आहे. काही ठिकाणी रेघोट्या आहेत, मधूनच एखादं चित्र. सुमारे हजार वर्षांपूर्वीची ही पानं. आज बालवर्गात ‘अ’च्या पोटात रंगीत खडू फिरवणाऱ्या पोराच्या हातून जे होतं, तेच या पानांवर झालेलं आहे.

मुलांना हिब्रू आणि ज्यू जीवनमूल्यं कृतीतून शिकवायची, ही कल्पना हल्लीच्या शिक्षणशास्त्राने आणलेली नाही. ती त्या परंपरेच्या हाडीमाशी आहे. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात बापाची कर्तव्यं सांगितली आहेत: मुलाला तोरा, म्हणजे मूळ धर्मशास्त्र, शिकवावी, हातचा एखादा धंदा शिकवावा, आणि काहींच्या मते पोहायलाही शिकवावं. त्याच ग्रंथात एका शिक्षकाकडे २५ मुलं असावीत, ४० झाली तर मदतनीस द्यावा, असा हिशेबही आहे. मध्ययुगात ऱ्हाइन नदीकाठच्या ज्यू वस्त्यांत मुलाच्या विद्यारंभाचा सोहळा होई. पाटीवर मुळाक्षरं लिहीत, त्यांवर मध लावत आणि मुलगा तो चाटून घेई. वर्म्सच्या एलाझार या धर्मपंडितांनी या विधीचं सविस्तर वर्णन करून ठेवलं आहे.

पण या परंपरेतला सगळ्यात विचारपूर्वक रचलेला धडा कुठला, तर पेसाख सणाच्या रात्रीचं सेदर, म्हणजे विधिवत जेवण. मिसरच्या गुलामीतून सुटका झाल्याची गोष्ट सांगायची असते, आणि ती सांगण्याची सुरुवात घरातल्या सगळ्यात धाकट्या मुलाने करायची असते, तीही प्रश्न विचारून. आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का? मुलाला प्रश्न पडावा म्हणूनच तर ताट विचित्र मांडलेलं असतं. कडू पाला खायचा, कारण गुलामी कडू होती. मिठाचं पाणी म्हणजे आसवं. फळं आणि सुकामेवा कुटून केलेलं हरोसेत म्हणजे विटांचा चिखल. मिसरवर आलेल्या दहा संकटांची नावं घेताना प्रत्येक नावाला प्याल्यातला एक थेंब बाहेर टाकायचा. शत्रू बुडाला तरी आपला प्याला काठोकाठ भरलेला असू नये, असा त्याचा अर्थ सांगतात, आणि सहा वर्षांचं मूल तो बोटाने शिकतं. यावर तासभर प्रवचन दिलं असतं तर त्यातलं काय लक्षात राहिलं असतं?

मात्साचा, म्हणजे बिनखमिराच्या रोटीचा, फुटलेला तुकडा लपवून ठेवायचा आणि मुलांनी तो शोधायचा, हा खेळही त्यातलाच. मुलं शेवटपर्यंत जागी राहावीत म्हणून तो आहे.

हे सगळं मराठी वाचकाला परकं वाटायचं कारण नाही. कृतीने काय टिकतं आणि काय टिकत नाही, याचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्या कोकणात आहे. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण वाढलो, असं कोकणातला ज्यू समाज, बेने इस्रायल, परंपरेने सांगतो. हे लोक रायगडच्या गावागावांत तेलाचा घाणा चालवत. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. ग्रंथ नव्हते, हिब्रू विसरली गेली होती, प्रार्थना म्हणून ‘शेमा’ तेवढी तोंडी उरली होती. पण घाणा कधी थांबतो हे घरातल्या पोराला दिसत होतं. खिरीचा सण, बिरड्याचा सण, अनशी धाकाचा सण, अशी सणांची नावंही स्वयंपाकघरातूनच आलेली. खिरीच्या सणाला नव्या तांदळाची खीर, आणि जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकदिवशी मोड आणून सोललेल्या वालांचं बिरडं. मंदिर कधी पडलं, कोणी पाडलं, हे सांगणारं पुस्तक नसतानाही वाल भिजत पडले की तो दिवस आला, हे कळत होतं.

दाविद रहाबी नावाचा ज्यू विद्वान कोकणात आला, तेव्हा हे लोक खरोखर ज्यू आहेत का हे त्याने कसं पारखलं, त्याची कथा समाजात आजही सांगतात. त्याने बायकांपुढे नाना तऱ्हेचे मासे ठेवले. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे बाजूला काढले आणि उरलेले आम्ही खात नाही म्हणून सांगितलं. रहाबीची खात्री पटली. मग त्याने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतल्या तरुणांना धर्माचं शिक्षण दिलं आणि त्यांच्याकडे काजीपण आलं. कथेतला काळ कोणता, यावर अभ्यासकांत वाद आहेत. मला महत्त्वाचा वाटतो तो क्रम. हाताची परीक्षा आधी झाली, पाठ नंतर सुरू झाले. कृतीने धर्म तगवला. भाषा मात्र कृतीने एकटीने तगवली नाही, तिला शिकवणारं माणूस लागलं.

एकोणिसाव्या शतकात अशी माणसं आली. कोचीनहून ज्यू शिक्षक आले. मिशनऱ्यांच्या शाळांत हिब्रू शिकवली जाऊ लागली, आणि जॉन विल्सन यांनी १८३२मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून काढलं. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५मध्ये मुंबईत इस्रायलाइट स्कूल सुरू केलं. माझगावातलं सर एली कदुरी हायस्कूल ते हेच. आज तिथे शिकणारी बहुसंख्य मुलं ज्यू नाहीत. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनेची पुस्तकं मराठीत आणली. १८७४मध्ये पुण्यात सेदरची पोथी, म्हणजे हगादा, हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्यातल्या एका चित्रात बायका साड्या नेसून मात्सा करताहेत. या चित्राचं मोल फार आहे. मिसरची गोष्ट ऐकणाऱ्या मुलीला त्या पानावर आपली आई दिसत होती. पुढे १८८०च्या सुमारास समाजातल्या मंडळींनी मराठी कीर्तनाची चाल घेतली आणि अब्राहाम, योसेफ यांची आख्यानं लावली. शाळेत न गेलेल्या आयाबायांनी आणि त्यांच्या मांडीवरच्या पोरांनी तोरातल्या कथा तिथे ऐकल्या.

त्याच काळात पॅलेस्टाइनमध्ये वेगळीच धडपड चालू होती. पोथीतली हिब्रू मुलांच्या तोंडी आणायची होती. रिशोन लेझियोन या वसाहतीत १८८६मध्ये सगळे विषय हिब्रूतून शिकवणारी शाळा निघाली, १८९८मध्ये तिथेच हिब्रू बालवाडी आली. मुलांच्या रोजच्या कितीतरी वस्तूंना शब्द कुठे होते? शिक्षकांनी ते घडवले, गाणी रचली, आणि मुलांनी ती घरी नेऊन आयांना शिकवली. झेव यावेत्झ यांनी १८९०मध्ये झिख्रोन याकोवच्या विद्यार्थ्यांना तू बिश्वातच्या दिवशी झाडं लावायला नेलं. पंचांगातली एक तिथी होती, तिचा रोपं लावण्याचा सण झाला. आज इस्रायलभर मुलं त्या दिवशी माती उकरतात.

आता आजच्या वर्गाकडे येऊ. हिब्रूच्या वर्गात आज्ञा देऊन शिकवण्याची पद्धत चांगलीच रुळली आहे. शिक्षिका ‘कूम’ म्हणते, मुलगा उठतो. ‘शेव’ म्हटलं की बसतो. मुलीला मात्र ‘कूमी’, ‘श्वी’ म्हणावं लागतं, कारण हिब्रूत आज्ञेचं रूपही बाईमाणसासाठी वेगळं असतं. मुलाने ‘कूमी’ला उठायचं नाही, एवढा नियम खेळात ठेवला की लिंगभेदाचं व्याकरण फळ्यावर मांडायची गरज उरत नाही. इथे मराठी मुलाला एक आयता फायदा आहे. ‘मी लिहितो’, ‘मी लिहिते’ हा फरक त्याच्या जिभेवर आधीच असतो. हिब्रूत ‘अनी कोतेव’, ‘अनी कोतेवेत’ त्याच वाटेने जातं. इंग्रजी घरात वाढलेल्या मुलाला हे नव्याने शिकावं लागतं.

कृतीच्या नावाखाली जे काही चालतं, ते सगळं मात्र मला पटत नाही. हनुक्का सणाचा चौकोनी भोवरा घ्या. त्याच्या चार बाजूंवर नून, गिमेल, हे आणि शिन ही अक्षरं असतात. इस्रायलमध्ये शिनच्या जागी पे. पुष्कळ ठिकाणी मुलं कागदाचा भोवरा कापतात, चमकी चिकटवतात, घरी नेतात आणि अक्षर एकही ओळखत नाहीत. हा वेळ वाया गेला. तोच भोवरा दाणे लावून खेळायला द्या. नून पडलं तर काही नाही, गिमेलला सगळा डाव, हे पडलं तर अर्धा, शिनला आपल्याकडचा एक दाणा टाकायचा. अक्षर वाचल्याशिवाय दाणे मिळत नाहीत. मग पाचव्या फेरीला मुलं शिक्षिकेकडे बघेनाशी होतात. कृती चांगली की नाही हे ओळखायची माझी कसोटी हीच आहे. अक्षर किंवा अर्थ काढून घेतला तर खेळ थांबायला हवा.

मूल्यांनाही तीच कसोटी लागते. सेदाका, म्हणजे दानधर्म, शिकवायला डबा रंगवणं पुरत नाही. बाराव्या शतकात मैमोनिदेस या ज्यू धर्मपंडितांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्या आठ चिठ्ठ्यांवर लिहून मुलांपुढे विस्कटून टाकाव्यात आणि शिडी लावायला सांगावं. वाद होतोच. कुरकुरत दिलेलं दान सगळ्यात खाली, हे पटकन जमतं. थोडंच पण हसतमुखाने दिलेलं त्याच्या वर. देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा, हे दान सगळ्यात वरचं, असं मुलं बहुधा ठरवतील. मैमोनिदेस त्याला दुसऱ्या पायरीवर ठेवतात. सगळ्यात वर काय, तर काम देणं, कर्ज देणं, भागीदारीत घेणं, की त्या माणसाला पुन्हा हात पसरावा लागू नये. ती चिठ्ठी वर का जाते, हे मुलांना आपसांत भांडू द्यावं; शिक्षकाने घाई करू नये.

बेने इस्रायल मुलांसाठी असा एक धडा घरातच तयार आहे, आणि तो शाळेत यायला हवा असं मला मनापासून वाटतं. एलियाहू हन्नावी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने होणारी मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं. खाण्याआधी बेराखा, म्हणजे आशीर्वचनं, म्हणायच्या, आणि कुठली बेराखा कशावर, हे ती गोष्ट कुठे उगवते यावर ठरतं. झाडाच्या फळांची वेगळी, जमिनीतून येणाऱ्याची वेगळी, धान्याची वेगळी. ताट मधे ठेवून मुलांना विचारावं, खजूर कुठला? झाडाचा. सफरचंद? झाडाचं. केळं? इथे शहरातली मुलं झाडाचं म्हणतील, आणि धर्मशास्त्र म्हणतं, जमिनीचं. का, ते अलिबागकडच्या पोराला सांगता येतं: घड उतरवला की ती केळ गेली, फळ धरणारं खोड पुढच्या वर्षी उभं नसतं, कोंबातून नवी केळ येते. ज्या रोपाचं खोड टिकत नाही त्याला धर्मशास्त्र झाड मानत नाही. एवढं कळलं की त्या दोन बेराखांमधला वेगळा पडणारा हिब्रू शब्द फळ्यावर लिहावा, उजवीकडून डावीकडे, आणि मुलांनी आपापल्या फळापुढे बरोबर शब्दाची चिठ्ठी ठेवावी. मग बेराखा मोठ्याने म्हणून फळं खावीत.